दीड इंचाचा फोमवाला मुसल्ला आणि डुगडुगणारी रेहल

रमजानच्या आधी घेतलेला मुसल्ला (जानमाज, नमाजाची चटई), आता पावसाळा अर्धा होत आला, म्हणजे चारेक महिने रोज पाच वेळा वापरून झालाय तेव्हा आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते हे आधीच सांगते. दुकानात हात लावला की असं वाटतं ढगावर नमाज पढतोय. आणि तिथेच फसगत होते, कारण दुकानात आपण हात लावतो आणि घरी त्याच्यावर गुडघे, कपाळ, पायाची बोटं आणि घोटे लावतो.

झालं असं की अम्मीचे गुडघे गेलेत. वय अडुसष्ट, दापोलीकडचं आयुष्य, विहिरीचं पाणी भरून झिजलेले गुडघे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं खुर्चीवर बसून नमाज पढा. खुर्चीवर पढताना रुकू (कमरेत वाकणं) आणि सजदा (कपाळ जमिनीला टेकणं) दोन्ही इशाऱ्यानं करतात, रुकूला थोडं वाकायचं आणि सजद्याला त्याहून जरा जास्त, एवढाच फरक ठेवायचा. अम्मी म्हणाली, "जमिनीला कपाळ टेकतंय तोवर मी खुर्चीवर बसणार नाही." विषय संपला. मग कुणीतरी सांगितलं की फोमचे मुसल्ले मिळतात हल्ली, गुडघ्याला एकदम आराम.

मुंब्र्याहून स्लो लोकल पकडली, सँडहर्स्ट रोडला उतरले आणि भेंडीबाजारात शिरले. दुकानाचं नाव लिहीत नाही, पुढं तक्रार आहे म्हणून. महमद अली रोडच्या त्या सगळ्या गल्ल्यांत रमजानच्या तोंडावर टोप्या, अत्तर, खजूर, मुसल्ले, तस्बी (जपमाळा) असं काय काय टांगलेलं असतं आणि गर्दी इतकी की आपण चालत नाही, आपल्याला नेतात. दुकानदार गोड बोलणारा. "बाजी, हाथ लगाके देखो, टर्किश माल है." टर्किश होता की नव्हता अल्लाहला माहीत, मागच्या बाजूला काही लिहिलेलं नाही. साईज साधारण चार फूट बाय सव्वादोन, वर वेल्वेट, त्यात दाबून काढलेली मेहराबची (मशिदीतल्या कमानीची) नक्षी, मध्ये दीड इंच फोम, खाली रबराचे ठिपके. किंमत चौदाशे सांगितली, साडेअकराशेला दिला. साधा पातळ मुसल्ला तिथेच दोनशेला होता. सोबत मुलासाठी लाकडी रेहल, कुराण ठेवायची घडी, घेतली तीनशे ऐंशीला, तिच्याबद्दल पुढं येते.

मी म्हटलं जरा खाली अंथरून बघू का, तर म्हणे "बाजी, गाहक खडे हैं." त्याचंही बरोबर होतं म्हणा, पाय ठेवायला जागा नव्हती. पण साडी घेताना आपण खांद्यावर टाकून बघतो, चप्पल घेताना चार पावलं चालतो आणि ज्याच्यावर दिवसातून चौतीस वेळा कपाळ टेकायचं ते मात्र मुठीनं दाबून घेऊन येतो. चौतीस कसे ते सांगते. पाच वेळच्या फर्ज (सक्तीच्या) नमाजाच्या रकाती (उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतचे फेरे) फजर २, जुहर ४, असर ४, मगरिब ३, इशा ४ मिळून १७ होतात, दर रकातीला दोन सजदे. सुन्नत (फर्जाशिवायच्या नमाजा) धरल्या की आकडा खूपच वर जातो आणि रमजानात तरावीहच्या (रात्रीच्या जादा नमाजाच्या) २० रकाती म्हणजे अजून ४० सजदे. तेव्हा मुसल्ल्याचा रिव्ह्यू हा रंग आणि नक्षीचा नसतोच, शरीर त्याच्यावर काय काय करतं त्याचा असतो.

आधी चांगलं सांगते. गुडघे! रुकूतून उभं राहून मग सजद्याला खाली जाताना आमच्याकडे आधी गुडघे टेकतात, मग हात, मग कपाळ आणि नाक. हा जो गुडघा टेकण्याचा क्षण असतो तिथं अम्मीच्या तोंडून इतकी वर्षं एक बारीक "या अल्लाह" निघायचं, ते पहिल्या दिवसापासून बंद झालं. शेजारच्या खोलीतून मी कान देऊन असायचे. त्यासाठी या फोमला काय द्यायचं ते देते.

दुसरी गोष्ट घोटा. ज्यांनी कधी नमाजाची बैठक घातली नाही त्यांना कळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते. अत्तहियात (बसून म्हणायची दुआ) पढायला बसतो तेव्हा डावा पाय आडवा टाकून त्याच्यावर बसतात आणि उजवं पाऊल उभं, बोटं मुडपून किबल्याकडं (मक्केच्या दिशेला). तर हा डावा पाय आडवा असतो तेव्हा त्याच्या बाहेरच्या बाजूचं घोट्याचं हाड थेट फरशीवर घासतं. वर्षानुवर्षं. अम्मीच्या डाव्या घोट्यावर जुन्या रुपयाएवढा काळा घट्टा आहे, उजव्यावर काहीच नाही. कपाळावरचा सजद्याचा डाग लोकांना दिसतो, त्यावरून माणूस नमाजी आहे असं म्हणतात, हा घोट्यावरचा कुणी बघत नाही. फोमवर हा घोटा आत रुततो आणि त्याच्यावरचा भार जातो. आता तिथली कातडी मऊ पडलीय जरा.

आम्ही कोकणी मुसलमान म्हणजे शाफई; शाफई आणि हनफी हे सुन्नींमधले धर्मनियमांचे दोन पंथ. शेवटच्या बैठकीत आमचं अजून एक वेगळं असतं, डावा पाय उजव्या पायाच्या खालून बाहेर काढायचा आणि बूड थेट जमिनीवर टेकवायचं. हनफी पुरुष दोन्ही वेळेला पायावरच बसतात. आमच्या बैठकीला रुंदी जास्त लागते, पाय मुसल्ल्याच्या बाहेर जातो आणि सव्वादोन फुटात तो दीड इंचाच्या कडेवरून खाली लोंबतो. पातळ मुसल्ल्याला हा प्रश्नच नाही, कारण त्याला कडच नसते. तर शाफई लोकांनी फोमवाला घ्यायचा असेल तर अडीच फुटाच्या आतला घेऊच नका.

आता वाईट.

दुसऱ्याच दिवशी अम्मी फजरला उभी राहिली आणि सलाम फेरल्यावर (नमाज संपवल्यावर) म्हणाली, "अगो, ह्याच्यावर उभं राहिलं की हर्णैच्या बंदरात होडीत उभं राहिल्यासारखं वाटतं." मी हसले, मग स्वतः उभी राहिले. खरंच. कयाममध्ये काही न हलता उभं राहायचं असतं, नजर सजद्याच्या जागेवर, हात छातीखाली बांधलेले आणि फोमवर टाच एकीकडं बसते, चवडा दुसरीकडं, मग पोटऱ्या आपोआप सावरत राहतात. छोट्या सूरेला (कुराणाच्या अध्यायाला) चालून जातं पण तरावीहला लांब किराअत (कुराणाचं पठण) असते तेव्हा दहाव्या रकातीपर्यंत पोटऱ्या भरून आल्या. आणि फजरला आमच्याकडे दुसऱ्या रकातीत रुकूनंतर हात वर करून कुनूत ही दुआ पढतात, म्हणजे हातही बांधलेले नाहीत, तोल सांभाळायला काहीच नाही. अडुसष्ट वर्षांच्या बाईला पहाटे पाच वाजता.

त्याहून मोठा लोचा कपाळाचा. सजदा सात हाडांवर करायचा असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आहे. कपाळ, आणि त्याच्याबरोबर नाक, दोन्ही हात, दोन्ही गुडघे, दोन्ही पायांची बोटं. कोपरं मात्र जमिनीला लावायची नाहीत. माझे दीर आलिम (धर्माचे जाणकार) आहेत, त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले भाभी, शाफई असो की हनफी, मुद्दा असा की कपाळ नुसतं टेकवून चालत नाही, डोक्याचा भार खाली पडला पाहिजे, खालचं मऊ दबून पक्कं लागलं पाहिजे. गादीवर, कापसावर वगैरे सजदा करायचा तर दाबून करायचा. आता हा फोम असा की कपाळ ठेवलं की हळूहळू खाली जात राहतं, जात राहतं, मग पक्कं लागेपर्यंत तुम्ही तीन वेळा तस्बीह (सजद्यातला जप) म्हणून मोकळे झालेला असता. अम्मी मुद्दाम डोकं दाबायला लागली आणि चार दिवसांत मानेला लागलं. म्हणजे गुडघ्याचं दुखणं मानेत नेऊन ठेवलं आम्ही, साडेअकराशे देऊन.

तिसरं, उठणं. आमच्यात सजद्यातून पुढच्या रकातीला उठताना क्षणभर बसून मग दोन्ही तळहात जमिनीवर रोवून उठतात. माझी हनफी शेजारीण तशी उठत नाही, ती पायाच्या चवड्यांवर सरळ उभी राहते, हात गुडघ्यावर. तिचे गुडघे तीस वर्षांचे आहेत. तर हात रोवून उठायला खाली घट्ट जागा पाहिजे, फोममध्ये मनगट वाकडं होऊन आत जातं. वेल्वेटवर हात घसरतो तो वेगळा. आणि त्याच वेल्वेटला ओढणी चिकटते, सजद्याला जाताना ओढणी सरकून कपाळावर येते आणि आमच्याकडं कपाळ उघडं टेकलं पाहिजे म्हणून पुन्हा ती मागं सारा.

रबराचे ठिपके हा तर जोकच. घरात व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. पहिला महिना धरून ठेवला, मग ठिपक्यांवर धूळ बसली आणि प्रत्येक सजद्याला मुसल्ला दोन बोटं पुढं. इशाच्या चार रकाती होईपर्यंत अम्मी कपाटाजवळ. बाकीच्या वस्तूंच्या बाबतीत घसरतो म्हणजे फक्त गैरसोय असते, इथं मसला (धर्मनियमाचा प्रश्न) आहे. शाफई फिकहमध्ये (धर्मनियमांत) नमाजाच्या बाहेरच्या सलग तीन मोठ्या हालचाली झाल्या की नमाज तुटते. नुसती बोटं हलली तर चालतं, पण हात लांब करून मुसल्ला ओढला, कोपरा सरळ केला, पुन्हा ओढला तर झाल्या की तीन. अम्मी सलाम फेरून माझ्याकडं बघायची आणि विचारायची, "दोनदा ओढला की तीनदा?" मला काय माहीत! मी भाजी चिरत होते.

माझ्या मुलाला मात्र हा मुसल्ला भारी आवडतो. नऊ वर्षांचा आहे, त्याच्या नमाजेला एक मिनिट पुरतं. कावळ्यानं चोच मारावी तशी नमाज पढू नका असं हदीसमध्ये आहेच, प्रत्येक ठिकाणी अंग क्षणभर थांबलं पाहिजे, रुकूत पाठ सरळ, दोन सजद्यांच्या मध्ये नीट बसणं. फोमची एक गंमत म्हणजे तो हळू वर येतो, कपाळाचा खड्डा भरायला दोन-तीन सेकंद लागतात. मी त्याला सांगितलंय, तुझ्या पहिल्या सजद्याचा खड्डा भरल्याशिवाय दुसरा करायचा नाही. उपयोग झाला थोडा. हे फीचर पॅकेटवर लिहिलेलं नव्हतं.

आणि पावसाळा. मुंब्र्यात जूननंतर काहीच सुकत नाही, हा तर दीड इंच स्पंज. वुजू (नमाजाआधी हातपाय धुणं) करून ओल्या पायांनी उभं राहायचं पाच वेळा, आठवड्यात वास यायला लागला. त्यात बहिणीच्या दीड वर्षाच्या पोरीनं त्याच्यावर शू केली. पातळ मुसल्ला असता तर बादलीत घातला, वाहत्या पाण्यात धुतला, पिळला, झाला पाक (शुद्ध). हा पिळणार कसा? कव्हरला चेन नाही, चारी बाजूंनी शिवलेला. बाथरूममध्ये उभा करून अर्धा तास नळ सोडला आणि मग तीन दिवस पंख्याखाली, तरी आतून ओला. घेणार असाल तर चेन आहे का बघा, बाकी नक्षीबिक्षी नंतर.

बदलून मिळतो का विचारायला गेले होते. तोच दुकानदार, रमजान संपलेला, दुकान रिकामं, आता अंथरून बघायला भरपूर जागा होती. "बाजी, इस्तेमाल किया हुआ कैसे लूं?" हेही बरोबरच. त्याऐवजी मला पोरांसाठीचा बोलणारा मुसल्ला दाखवत बसला, पाय ठेवला की आवाज येतो, बटनं दाबली की नमाजाच्या स्टेप्स सांगतो. नको म्हटलं.

आता रेहल. रेहल म्हणजे कुराणशरीफ ठेवायची इंग्रजी एक्स आकाराची लाकडी घडी. चांगली रेहल एकाच फळीतून कापतात, मधल्या दातांनी ती आपोआप दोन भागांत उघडते, खिळा नाही की बिजागरी नाही. सहारनपूरच्या कोरीवकामाच्या असतात तशी ही दिसायला होती, शिसम म्हणून दिली, दोन धुण्यांत, म्हणजे दोनदा ओल्या फडक्यानं पुसल्यावर, फडकं चॉकलेटी झालं. ते एक वेळ चालेल. पण सांधा ढिला. जमिनीवर ठेवून बोटानं ढकलली की डुगडुगते.

आणि माझं पोरगं झुलतं. मकतबमधली (पोरांच्या कुराणशाळेतली) सगळीच पोरं झुलतात, बघितलं असेल तुम्ही, सिपारा (कुराणाचा एक भाग) पुढं ठेवून मांडी घालून पुढं-मागं, पुढं-मागं. प्रत्येकाची लय वेगळी आणि सगळे एकदम मोठ्यानं, तरी कुणाचं कुणाशी अडत नाही. आमचा पुढं-मागं झुलतो, त्याचा एक मित्र डावी-उजवी. जवळून बघितलं तर हे झुलणं नुसतं चाळा म्हणून नसतं. शब्द सरळ चालले की तो छोटे छोटे हेलकावे घेतो आणि मद्द आली, म्हणजे आवाज लांबवायची जागा, की शरीर थांबतं. सूरे फातिहाच्या शेवटी 'वलद्दाल्लीन' आहे ना, तिथला 'दाऽऽ' सहा मात्रा ओढायचा असतो. तिथं हा पुढं वाकायला लागतो तो वाकतच जातो, मांडीवर एक एक बोट मिटत मोजतो आणि सहाव्याला नाक पानापासून वीतभर. मग 'ल्लीन'ला एकदम मागं. गुडघा लागतो रेहलला आणि रेहल जाते डावीकडं.

एकदा पडलीच. पंधरा ओळींचा हिफ्जवाला मुसहफ, म्हणजे पाठ करायला वापरतात ती कुराणाची प्रत, जड असतो, दाणकन खाली. घरात सन्नाटा. पोरानं उचलून चुंबलं, डोळ्यांना लावलं आणि रडायला लागलं. नानी म्हणजे आमची अम्मी त्याला काही बोलली नाही, रेहलला बोलली.

मग मी विचारलं दिरांना की हे झुलणं बंद करायला सांगू का. ते म्हणाले तिलावतीत (कुराण वाचताना) झुला असा हुकूम कुठं नाही, नमाजेत मुद्दाम झुलू नये, बाकी पोरांना आपोआप येतं ते येतं, काही आलिम मात्र नापसंत करतात. मग त्यांनी एक भारी गोष्ट सांगितली. अबू हय्यान म्हणून ग्रनाडाचे एक मोठे व्याकरणकार होते, जन्म १२५६ चा, पुढचं आयुष्य कैरोत गेलं. त्यांनी लिहून ठेवलंय की आमच्या अंदलुसमध्ये (मुस्लिम स्पेनमध्ये) पोरगं झुललं की उस्ताद शिक्षा करायचा, म्हणायचा ज्यूंसारखं करू नकोस, आणि इथं इजिप्तमध्ये बघावं तर मकतबमधली पोरं खुशाल झुलतायत. मजा म्हणजे त्याच अंदलुसचे ज्यू कवी येहूदा हालेवी, त्यांच्याही पावणेदोनशेएक वर्षं आधीचे, त्यांनी आपले लोक का झुलतात याचं कारण दिलंय ते अगदीच साधं, पुस्तकं कमी होती, एकाच पुस्तकाभोवती दहा जण बसायचे, प्रत्येकानं वाकून आपला शब्द बघायचा आणि मागं व्हायचं दुसऱ्याला दिसावं म्हणून, तीच सवय पुढं लागली. मला एकदम आमचा गावचा मदरसा आठवला, तीन पोरींत एक सिपारा, आणि सिपाऱ्याच्या उलट्या बाजूला बसलेली मी. मला आजही काही अक्षरं उलटी जास्त पटकन ओळखू येतात.

म्हणून पोराचं झुलणं चालू ठेवलं, रेहल बदलली. बदलली म्हणजे कोपऱ्यावरच्या सुताराकडून तिच्या चारी पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवून घेतले आणि पोरापासून हातभर लांब ठेवली. डुगडुग थांबली, करकर अजून आहे. तीनशे ऐंशीला ही रेहल घेऊ नका. घ्यायचीच तर दुकानात उघडून, वर जड पुस्तक ठेवून, कडेला गुडघ्यानं धक्का द्या. लोक बघतील, बघू देत.

मुसल्ल्याचं काय केलं ते सांगायचं राहिलं. आमच्या लाइनीतला गादीवाला, कापूस पिंजून देतो तो, त्याच्याकडं नेला. म्हटलं चाचा, पुढचा फोम काढून टाका, पायाच्या बोटापासून गुडघ्यापर्यंतच ठेवा, हाताला आणि कपाळाला नुसतं कापड पाहिजे. त्यानं शिवण उसवली, फोम बाहेर काढला, मग मला विचारलं अम्मीचं माप काय. मी सुतळी आणली होती, अम्मीला बैठकीत बसवून बोटापासून गुडघ्यापर्यंत मोजलेली. त्यानं ती लावली, मान हलवली आणि म्हणाला उभं राहायची जागा पण सोडायला पाहिजे, नाहीतर कयामला पुन्हा हलेल. हे मला सुचलंच नव्हतं. स्वतः फूटपाथवर त्या उसवलेल्या मुसल्ल्यावर उभा राहिला, खाली गेला, गुडघे कुठं पडले तिथं खडूनं रेघ मारली, पुन्हा उभा राहिला, टाचा कुठं आहेत तिथं दुसरी. मधला साधारण फूटभराचा पट्टा एवढाच फोम ठेवला, बाकी कापून टाकला. मागं टाचेला पातळ, पुढं कपाळाला पातळ. घोट्यासाठी उरलेल्या फोमचा एक तळहाताएवढा तुकडा वेगळा शिवून दिला, तो अम्मी डाव्या हाताला ठेवते आणि नमाज सुरू करायच्या आधी जागेवर सरकवते. एका बाजूला चेन पण लावली. सगळे मिळून दीडशे रुपये.

मान दुखायची थांबली. होडी पण थांबली. घसरतो अजून, त्याला खाली जुनी गोधडी टाकलीय. वरच्या मजल्यावरच्या हनफी शेजारणीच्या सासूबाईंनी बघितला आणि त्यांनाही तसाच पाहिजे झाला, तर चाचा मला विचारतो, त्यांचं माप सुतळीनं आणाल की त्यांनाच घेऊन याल, कारण त्या उठताना हात टेकत नाहीत म्हणजे चवड्याखाली जरा घट्ट लागेल.